खेड्याची महानगरपालिका झालेली इचलकरंजी आणि पाण्याचं भांडण

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा आणि सावकाश वाचा.

इचलकरंजीला पाणी द्यायचं की नाही, हा वाद आमच्या भागात गेली कित्येक वर्षं मिटलेला नाही. आधी तो वारणेवरून झाला. दानोळीजवळून पाणी उचलायचं ठरलं आणि अख्खा वारणाकाठ रस्त्यावर उतरला. मग दूधगंगेवर सुळकूडहून योजना आली, तेव्हा कागल तालुका आणि दूधगंगाकाठ उभा राहिला. दोन्ही वेळेला मी हातात वही घेऊन तिथं होतो. गावकऱ्यांच्या मोर्च्यात एक वाक्य हमखास ऐकू यायचं : "आधी तुमची पंचगंगा स्वच्छ करा, मग आमच्या नदीकडं बघा." शहरातल्या मोर्च्यातलं उत्तरही ठरलेलं : "आम्ही काय माणसं नव्हं? आमच्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतंय."

दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि अडचण तिथंच आहे.

त्या मोर्च्यांत मला एक गोष्ट सारखी जाणवायची. नदीकाठच्या गावातून घोषणा देणाऱ्या बऱ्याच जणांचे पाहुणे इचलकरंजीत असतात. कुणाची बहीण तिकडं दिली आहे, कुणाचा मुलगा सायझिंगमध्ये आहे, कुणाच्या चुलत्याचे आठ माग आहेत. शहरातल्या मागवाल्याची शेती परत नदीकाठालाच. भांडणारी माणसं एकाच घरातली असल्यासारखी आहेत. हे असं का झालं, हे कळायचं असेल तर हे शहर कसं उभं राहिलं ते बघावं लागतं. व्हॉट्सअॅपवर फिरणारा इतिहास दोनच ओळींचा असतो : "राजेसाहेबांनी माग आणला, आणि महाराष्ट्राचं मँचेस्टर झालं." मधली शंभर वर्षं त्यात येत नाहीत. ती मधली वर्षं सांगण्यासाठी हा उद्योग.

जहागिरीचं गाव

इचलकरंजी ही कोल्हापूर संस्थानाखालची जहागीर. तिचा मूळपुरुष नारो महादेव जोशी, कोकणातला ब्राह्मण. संताजी घोरपड्यांच्या पदरी तो वाढला आणि त्यांच्यावरच्या निष्ठेपोटी घोरपडे हेच आडनाव त्यानं लावलं. पुढं या घराण्यातल्या व्यंकटरावांना पेशवा बाळाजी विश्वनाथाची मुलगी, म्हणजे पहिल्या बाजीरावाची बहीण अनुबाई दिली. त्यामुळं जहागीर लहान असली तरी पुण्याच्या दरबारात तिला वजन होतं.

गाव मात्र गावासारखंच होतं. पंचगंगेचा काठ, काळी जमीन, जोंधळा, भुईमूग, तंबाखू, मिरची. आठवड्याचा बाजार. कोष्ट्यांचे हातमाग होते, पण तसे ते आसपासच्या बऱ्याच गावांत होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी कुणी उभ्या-उभ्या बघून गेला असता, तर या गावात आणि शेजारच्या दहा गावांत त्याला फार फरक दिसला नसता.

फरक पडला तो नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या काळात. १८९२ पासून १९४३ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षं त्यांनी जहागीर सांभाळली. शिकलेला माणूस. १९१३ मध्ये युरोपचा प्रवास केला आणि इंग्रज लोकांविषयी इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. गाण्याची जाण. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणणारे, विष्णू दिगंबर पलुस्करांचे गुरू बाळकृष्णबुवा या दरबाराच्याच नावानं इचलकरंजीकर झाले. पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं महत्त्वाचं हे की, शेतीच्या सारावसुलीवर जहागीर फार पुढं जाणार नाही, हे या माणसाच्या लक्षात आलं होतं. गावात धंदा यायला हवा, आणि तो आणणाऱ्याला जागा आणि आधार द्यायला हवा, असं त्यांचं धोरण होतं.

१९०४ : पहिला माग

१९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी जहागीरदारांच्या पाठबळावर इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला. ही तारीख शहरातल्या प्रत्येक शाळकरी पोराला पाठ असते. तिचा अर्थ मात्र फारसा कुणी सांगत नाही.

त्या काळी कापड दोन ठिकाणी विणलं जायचं. एक मुंबई, अहमदाबाद, सोलापूरच्या मोठ्या गिरण्यांत, जिथं एका छपराखाली हजारो माणसं. दुसरं कोष्ट्याच्या घरात, हातमागावर. दातारांनी केलं ते या दोहोंच्या मधलं : गिरणीतला माग उचलून गावातल्या खोलीत आणला. गिरणी काढायला लाखो रुपये लागायचे. एक-दोन माग घ्यायला तेवढे लागत नव्हते. जुना, गिरणीनं टाकलेला मागही दुरुस्त करून चालायचा. आधी तो तेलाच्या इंजिनावर फिरला, मग विजेवर.

लगेच काही क्रांती झाली नाही, हेही सांगितलं पाहिजे. पहिली पंचवीस-तीस वर्षं माग सावकाश वाढले. रंगीत सुताची लुगडी हा त्यांचा मुख्य माल. गावोगावच्या बाजारात लुगडं लागायचंच, आणि त्यात गिरणीपेक्षा लहान मागवाल्याला जास्त जमायचं. गिऱ्हाइकाला काठ-रंग जसा हवा तसा तो बदलून देऊ शकायचा. मग दुसरं महायुद्ध आलं. कापडाची टंचाई झाली, कंट्रोल आला, आणि ज्याच्याकडं माग होता त्याच्याकडं पैसा आला. तो पैसा परत मागात गेला. गावातल्या गल्ल्यांमधून खटखट ऐकू यायला लागली ती तेव्हापासून.

उसाचा पैसा मागात

आता जो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो.

भारतात बहुतेक ठिकाणी शेतीचं गाव औद्योगिक शहर होतं ते बाहेरून कुणीतरी येऊन. सरकार जमीन घेतं, कंपनी येते, कॉलनी बसते, आणि मूळचा शेतकरी बाजूला पडतो. पिंपरी-चिंचवडला ढोबळमानानं हेच झालं : १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मागोमाग मोटारी आणि स्कूटरचे कारखाने आले. इचलकरंजीत मोठी कंपनी आलीच नाही. इथं शेतकऱ्यानं स्वतः माग घेतला.

तो घेऊ शकला, कारण त्याच्या हातात पैसा आला. पैसा आला पाण्यामुळं. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. ते त्यांच्या हयातीत पुरं झालं नाही, पण पुढं पुरं झालं, आणि उन्हाळ्यातही पंचगंगेला पाणी राहायला लागलं. नदीवर ठिकठिकाणी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे झाले : पावसाळ्यात फळ्या काढायच्या, पावसाळा सरला की घालायच्या. बंधाऱ्यामागं साठलेलं पाणी सहकारी उपसा संस्थांनी मोटारी लावून माळावर नेलं. जोंधळ्याच्या जागी ऊस आला. रत्नाप्पाण्णा कुंभारांनी गंगानगरला पंचगंगा सहकारी साखर कारखाना उभा केला. वर्षातून एकदा का होईना, शेतकऱ्याच्या घरात उसाचं बिल म्हणून एकरकमी पैसा यायला लागला.

एकरकमी पैशाचं काय करायचं? जमीन घ्यायची, घर बांधायचं, मुलीचं लग्न करायचं. या भागातल्या जैन, लिंगायत, मराठा शेतकरी कुटुंबांनी चौथी गोष्ट केली : धाकट्या पोराला चार माग टाकून दिले. थोरला शेती बघेल, धाकटा माग. हा हिशेब या पट्ट्यातल्या किती घरांत झाला असेल याची मोजदाद नाही, पण जुन्या कुठल्याही मागवाल्याला विचारा, चारातल्या दोघांच्या गोष्टीत ऊस येतोच.

जोडीला सहकार आला. सूत घ्यायचं तर व्यापाऱ्याच्या मर्जीवर राहावं लागायचं. त्यावर उपाय म्हणून सहकारी सूतगिरण्या काढल्या. दत्ताजीराव कदमांच्या पुढाकारातली डेक्कन सूतगिरणी ही त्यातली आघाडीची. पुढं कल्लाप्पाण्णा आवाड्यांनी महिलांच्या नावानं सूतगिरणी काढली. सहकारी बँका झाल्या, सहकारी औद्योगिक वसाहती झाल्या. १९८२ मध्ये कापड आणि अभियांत्रिकी शिकवणारं डीकेटीई निघालं, आणि ते भरलं जहागीरदारांच्या राजवाड्यात. ज्या वाड्यातून सारा वसूल व्हायचा, तिथं मागवाल्यांची पोरं इंजिनिअर व्हायला लागली. माझ्या मते शहराचं रूप पालटल्याची याहून ठळक खूण दुसरी नाही.

याच काळात, १९७४ ला, इचलकरंजीत मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष पु. ल. देशपांडे. गावाच्या खिशात पैसा आला होता आणि गावाला तो चांगल्या कामाला लावायची हौसही होती.

दिल्लीत ठरलं, इचलकरंजीत वाढलं

मागवाल्यांच्या कष्टाचं कौतुक करताना धोरणाचा वाटा विसरून चालणार नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारला हातमाग वाचवायचा होता. त्यासाठी गिरण्यांना आवर घालायचा असं ठरलं. १९५६ मध्ये गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली. नवे माग टाकायला बंदी. गिरणीच्या कापडावर अबकारी कर होता, आणि थोडे माग असणाऱ्या लहान कारखान्याला त्यात सूट होती. सरकारची अपेक्षा अशी की गिरणी थांबली की हातमागाला काम मिळेल. प्रत्यक्षात ते काम मधल्या माणसानं, म्हणजे यंत्रमागवाल्यानं उचललं. त्याला गिरणीचे नियम नाहीत आणि हातमागाचा संथपणा नाही. परमिटाशिवाय माग चालवायचे आणि पुढं कधीतरी ते नियमित करून घ्यायचे, हेही सर्रास झालं. हातमागासाठी राखीव ठेवलेले लुगड्यासारखे प्रकार सोडून इचलकरंजी धोतर, पॉपलीन, केंब्रिक अशा मालाकडं वळली.

मग १९८२ चा जानेवारी. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतला गिरणी कामगार संपावर गेला. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि गिरणगाव त्यातून सावरलं नाही. पण देशाला कापड लागतच होतं. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत विणलं जायला लागलं. परळ-लालबागला भोंगे बंद पडत होते तेव्हा इकडं नवी शेड बांधायला गवंडी मिळत नव्हते. एका शहराच्या कामगाराचं मरण हे दुसऱ्या शहराच्या भरभराटीचं एक कारण होतं, हे बोलायला बरं वाटत नाही, पण लिहून ठेवलं पाहिजे.

आकडे बघा. १९६१ च्या सुमाराला इचलकरंजीची वस्ती पन्नास हजारांच्या आसपास होती. १९९१ मध्ये ती दोन लाखांच्या वर गेली. २०११ च्या जनगणनेत २ लाख ८७ हजार. यात कबनूर, शहापूर, चंदूर, कोरोची, तारदाळ, यड्राव ही शहराला चिकटलेली गावं सगळी धरलेली नाहीत. कबनूरला गेल्यावर इचलकरंजी कुठं संपली हे रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. मागांची संख्या लाखाच्या घरात गेली. २०२२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली.

शेडमधला माणूस

ज्यांनी शेडमध्ये पाऊल ठेवलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास वेळा धोटा इकडून तिकडं फेकतो. प्रत्येक फेकीला एक आडवा धागा, त्याला पिक म्हणतात. एका कामगाराकडं चार माग, कधी सहा, कधी आठ. पाळी बारा तासांची. शेजारचा माणूस काय बोलतो ते ओठांकडं बघून ओळखायचं. कांडी संपली की बदलायची, धागा तुटला की जोडायचा. मजुरी मीटरवर आणि पिकावर, पैशांत मोजलेली. माग बंद तर मजुरी बंद. वीज गेली तर मजुरी गेली.

आणि मागावरचा एकटाच कामगार नाही. सुताला खळ देणारा सायझिंगवाला, बीम भरणारा, हजारो धागे एकेक करून फणीतून ओवणारा वहिफणीवाला, माग दुरुस्त करणारा जॉबर, कांड्या भरणाऱ्या बायका, ताग्याची घडी घालणारा, हातगाडीवाला हमाल. एका मीटर कापडाला किती हात लागतात ते मोजायला बसलं की बोटं पुरत नाहीत.

ही माणसं बेळगाव-विजापूरकडून आली, सोलापूरकडून आली, दुष्काळी तालुक्यांतून आली. सुताच्या आणि कापडाच्या व्यापारात राजस्थानातून आलेली घरं स्थिरावली. अलीकडं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार दिसतात. इचलकरंजीच्या एका गल्लीत मराठी, कानडी, तेलुगू, मारवाडी आणि हिंदी अशा पाच भाषा ऐकू येतात, आणि चहाच्या टपरीवर सगळ्यांची मिळून सहावी तयार होते.

पण या कामगाराला कारखान्याचा कामगार म्हणून जे मिळायला हवं ते फारसं मिळालं नाही. कारखाना कायदा लागू व्हायला कामगारांची ठरावीक संख्या लागते. त्यामुळं एकाच शेडमध्ये बायकोच्या, भावाच्या, आईच्या नावावर चार कारखाने असतात आणि कागदावर प्रत्येक लहान. भविष्यनिर्वाह निधी नाही, हजेरीपत्रक नाही. मजुरी वाढवायची तर संप हाच रस्ता; २०१३ चा लांबलेला संप अनेकांना आठवत असेल.

मागवाल्याची दुसरी बाजूही आहे. इथले बरेच मागवाले खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आणि यांना मिळते ती विणाईची खर्ची. मालक म्हणायचं, पण हातात मालकी फक्त लोखंडाची. विणलेलं कोरं कापड रंगाई-छपाईला बालोत्रा, पाली, जेतपूर, अहमदाबादकडं जातं आणि खरी किंमत तिकडं वाढते. २०१६ ची नोटबंदी आणि २०१७ चा जीएसटी, दोन्हींचा फटका आधी याच माणसाला बसला, कारण त्याचा आठवड्याचा पगार रोखीत आणि हिशेब वहीत होता. आता मिनिटाला पाचशे-सहाशे पिक मारणारे एअरजेट आलेत. ज्याला कर्ज मिळालं त्यानं ते घेतले. ज्याला मिळालं नाही त्याचे साधे माग भंगाराच्या भावानं किलोवर गेले. ज्या लोखंडासाठी बापानं उसाचं बिल घातलं, ते लोखंड पोरानं वजनावर विकलं.

शहर वाढलं, नळ तसाच राहिला

आता परत पाण्याकडं.

विणायला पाणी फार लागत नाही. सायझिंगला लागतं, बॉयलरला लागतं आणि प्रोसेसला, म्हणजे ब्लीच करायला आणि रंगवायला, खूप लागतं. वापरलेलं पाणी खळ, रसायन आणि रंग घेऊन बाहेर पडतं. आमच्याकडं त्याचा रस्ता ठरलेला : काळा ओढा, आणि तिथून पंचगंगा. ओढ्याचं नाव काळा कधी पडलं माहीत नाही, पण आज ते त्याला शोभतं. प्रक्रिया केंद्र झालं, नोटिसा निघाल्या, कारखाने बंद झाले, परत सुरू झाले.

दोष एकट्या इचलकरंजीचा नाही, हेही तितकंच खरं. पंचगंगा इथं येते तीच कोल्हापूर शहराचं सांडपाणी आणि वरच्या बाजूच्या कारखान्यांची मळी घेऊन. काठावरच्या गावांची गटारं तिच्यातच. शेतातून खत-औषधांचं पाणी तिच्यातच. जो तो म्हणतो, माझ्या आधीच्यानं घाण केली. नदीला मात्र एकच नाव आहे.

आणि इथं तो कोल्हापुरी बंधारा परत आठवा. ज्या बंधाऱ्यानं ऊस दिला, उसानं पैसा दिला, पैशानं माग दिला, तोच बंधारा आता घाण पाणीही अडवून धरतो. उन्हाळ्यात वाहतं पाणी नसलं की तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडतो. त्याचे फोटो मी काढले आहेत. वास फोटोत येत नाही, एवढंच.

२०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली. हजारो माणसं आजारी पडली. त्यात जीव गेले, गरोदर बायकांचेही. दूषित पाण्यातून होणारी ती कावीळ होती. जिच्या काठावर शहर वाढलं त्या नदीचं पाणी प्यायची भीती वाटायला लागली. मग कृष्णेवर मजरेवाडीहून योजना होतीच, तिची जलवाहिनी जुनी, सारखी गळणारी. म्हणून वारणा. तिथं विरोध, म्हणून दूधगंगा. तिथंही विरोध.

हिशेब सरळ आहे. गेल्या शंभर वर्षांत या शहरानं माग वाढवले, शेड वाढवल्या, गिरण्या काढल्या, बँका काढल्या, कॉलेज काढलं. जे जे एकेकट्याला किंवा संस्था काढून करता येतं, ते सगळं केलं. जे सगळ्यांनी मिळून, कर भरून, नियम पाळून करायचं असतं, म्हणजे गटार, नदी, पिण्याचं पाणी, ते राहिलं. लहान-लहान कारखान्यांनी मिळून झालेल्या शहराची ही अडचणच आहे. मोठी कंपनी असती तर निदान एका दारात जाऊन जाब विचारता आला असता. इथं हजारो दारं आहेत आणि प्रत्येक दारातला माणूस म्हणतो, "माझ्या दोन बादल्यांनी काय होतंय?"

मग पाणी कुणाचं?

माझं मत सांगतो. पटलं नाही तर भांडा, पण शिवीगाळ नको.

दूधगंगाकाठच्या शेतकऱ्याची भीती खोटी नाही. शहर एकदा नदीला नळ लावून बसलं की दर दहा वर्षांनी तो नळ जाड होतो, हे त्यानं इतर ठिकाणी बघितलंय. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायचं ठरलं, तेव्हा मावळात ९ ऑगस्ट २०११ ला शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि तीन जीव गेले. ती गोष्ट आमच्या नदीकाठीही माहीत आहे.

इचलकरंजीच्या बाईची तहानही खोटी नाही. रात्री दोनला उठून घागरी भरणारी ती बहुधा कांड्या भरणाऱ्या कामगाराची बायको असते. प्रोसेसवाल्या मालकाच्या दारात टँकर येतो, तिच्या दारात येत नाही. पाणी "शहराला" नको म्हणताना ते कुणाला नाकारतोय हे गावांनीही बघितलं पाहिजे.

म्हणून या दोन गोष्टी एकत्रच व्हायला हव्यात. पिण्याचं पाणी मोजून, लेखी, ठरवलेल्या मर्यादेत द्यावं, आणि त्यातला थेंबही कारखान्याला जाणार नाही याची खात्री गावांच्या लोकांना बरोबर घेऊन करावी. आणि पंचगंगा स्वच्छ करायचं काम "आधी तुम्ही" म्हणत न थांबता कोल्हापूर, इचलकरंजी, साखर कारखाने आणि काठावरची गावं यांनी एकाच वेळी सुरू करावं. कारण पंचगंगा मेली तर पुढं नरसोबाच्या वाडीला ती कृष्णेलाच मिळते. दुसरी नदी आणून पहिलीचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त पुढच्या तालुक्यात ढकलला जातो.

शेतकऱ्यानं माग टाकला, मागानं शहर केलं, शहरानं नदी घाण केली, आणि आता शेतकरी आणि शहर एकमेकांविरुद्ध उभे आहेत. पण १९५० च्या दशकात याच भागात लोकांनी एकत्र येऊन उपसा संस्था काढल्या होत्या, पाळ्या ठरवल्या होत्या, कुणाच्या उसाला किती तास पाणी हे गावाच्या पारावर बसून ठरवलं होतं. त्यांच्यातले निम्मे जण शाळाही पुरी शिकलेले नव्हते. आपल्याकडं आता इंजिनिअरिंग कॉलेज आहे, महानगरपालिका आहे, आमदार-खासदार आहेत. पारावर बसायचं तेवढं राहिलंय.

इचलकरंजीतल्या आणि नदीकाठच्या, दोन्हीकडच्या मित्रांना विनंती : तुमच्या घरात पहिला माग कधी आणि कुठल्या पैशानं आला, ते खाली लिहा. वडीलधाऱ्यांना विचारून लिहा. चार-दोनशे गोष्टी जमल्या तरी पाण्याच्या पुढच्या बैठकीत मला त्या वाचून दाखवता येतील. आपण एकाच घरातले आहोत हे मी सांगण्यापेक्षा तुमच्याच आजोबांनी सांगितलेलं बरं.